दुचाकीचा कंप आणि चाकाचा तोल

नाशिक शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवर पहाटेपासूनच वर्दळ सुरू होते. पिंपळगाव बसवंत, ओझर, सिन्नर, घोटी या गावांकडून सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींकडे निघालेले कामगार, दुधाचे कॅन घेऊन शहरात येणारे गवळी, बाजार समितीची वाट धरलेले शेतकरी यांच्यापैकी फार मोठा वर्ग आज मोटारसायकलवर असतो. पिंपळगावहून सातपूरला रोज ये-जा करणाऱ्या कामगाराचा प्रवास दिवसाकाठी सत्तर किलोमीटरच्या घरात जातो. त्याच्या वाहनाचे प्रत्येक चाक तेवढ्या प्रवासात सुमारे ३७ हजार फेरे घेते. या फेऱ्यांत कोठे काही खोट असेल, तर तीही तितक्याच वेळा आपले अस्तित्व जाणवून देत असते.

एखाद्या सकाळी हँडल किंचित थरथरू लागते. सुरुवातीस ही थरथर केवळ साठच्या वेगाला जाणवते. रस्ताच खराब असेल, अशी चालक आपली समजूत घालतो. पंधरा-वीस दिवसांनी थरथर जाणवेनाशी होते. ती गेली म्हणून नव्हे, अंगवळणी पडली म्हणून. वाहन मात्र तेच सांगत असते आणि ऐकणारा कोणी नसतो.

ऐकणारा कोणी नसतो, हे शब्दशः खरे आहे. ट्रक, बस, रिक्षा अशा परिवहन वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्या वेळी वाहनाची तपासणी होते. खाजगी मोटारसायकलची नोंदणी मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये १५ वर्षांसाठी वैध असते. या काळात धुराची तपासणी होत राहते. परंतु टायर, रिम, आरे, बेअरिंग यांची अधिकृत तपासणी कोणी करीत नाही. म्हणजे १५ वर्षे या वाहनाचा तपासनीस त्याचा चालक हाच असतो. हे काम त्याला करता यावे, इतके त्याचे ज्ञान असणे अगत्याचे आहे. सुदैवाने त्यासाठी फार मोठी यंत्रविद्या लागत नाही. कंप कोणत्या वेगाला येतो, शरीराच्या कोणत्या भागाला जाणवतो आणि गिअर बदलल्यावर त्याचे काय होते, या तीन गोष्टींकडे लक्ष दिले तर बहुतेक दोषांचा ठावठिकाणा लागतो.

झिणझिण्या, थरथर, लटपट

कंप हा एक शब्द झाला. प्रत्यक्षात त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत आणि त्यांना मराठीत पूर्वापार वेगवेगळी नावे आहेत. मोटारसायकलच्या बाबतीत ही नावे नेमकी वापरली तर अर्धे निदान तेथेच होते.

हाताच्या तळव्याला किंवा पावलांना येणाऱ्या झिणझिण्या हा इंजिनाचा कंप होय. शंभर-सव्वाशे सीसीच्या एका सिलिंडरच्या वाहनाचे इंजिन ताशी साठ किलोमीटर वेगाला मिनिटाला चार ते पाच हजार फेरे घेत असते. म्हणजे सेकंदाला सत्तर-ऐंशी. इतक्या जलद कंपातील एकेक हिसका शरीराला वेगळा ओळखता येत नाही. म्हणून मुंग्या आल्यासारखे वाटते. चाकाची गोष्ट निराळी. अठरा इंची रिमवरील नेहमीच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला नऊपेक्षा थोडे कमी फेरे घेते. त्याचा कंप जाड, संथ आणि धडधडीसारखा लागतो. त्यालाच थरथर म्हणणे योग्य.

हँडल डावी-उजवीकडे झपाट्याने हलू लागणे ही लटपट. ती बहुधा वेग कमी होत असताना, तीस ते पन्नास किलोमीटरच्या दरम्यान, हँडलवरील पकड सैल असली की दिसते. याउलट, भरधाव जाताना सगळे वाहनच नावेसारखे या अंगावरून त्या अंगावर झुकू लागले तर तो हेलकावा. आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, टप्... टप्... असा ठोका लागला, तर तो गचका होय. हा गचका संथ वेगाला, दहा-पंधरा किलोमीटरलासुद्धा, मोजता येतो. त्याचे कारण टायरच्या आकारात असते, वजनात नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. पुढे त्याचा उलगडा होईल.

इंजिनाचा कंप आणि चाकाचा कंप वेगळा करण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगाला कंप येतो तो वेग कायम ठेवून एक गिअर खाली यावे. इंजिनाचे फेरे बदलले, चाकाचे तेच राहिले. कंपाची जात बदलली तर दोष इंजिनाकडे, त्याच्या पायाच्या बोल्टांकडे किंवा त्याखालील रबरांकडे आहे. कंप जसाच्या तसा राहिला तर दोष चाकांकडे आहे. यानंतर क्लच दाबून, थ्रॉटल सोडून वाहन आपल्या गतीने जाऊ द्यावे. तरीही थरथर चालू राहिली तर शंकेला जागा उरत नाही. इंजिनाची खात्री उभ्या जागीही करून घेता येते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे वाढवले असता त्याच झिणझिण्या आल्या, तर चाकांना बोल लावण्याचे कारण नाही. पुढचे चाक की मागचे, हे हात आणि बैठक सांगतात. पुढच्या चाकाची थरथर हँडलमधून येते, मागच्याची सीटमधून व पायठेवणीतून.

वीस ग्रॅमची गोष्ट

बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि धाव असते. ते करणारा सुतार चाक गोल आहे की नाही ते डोळ्यांनी पाही. एका अंगाला ते थोडे जड असले तरी कोणाचे काही बिघडत नसे, कारण बैलाच्या चालीला त्या जडपणाचा उपद्रव होत नाही. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरची कल्पना मांडली आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे ती व्यवहारात आणली. तेव्हापासून चाकाचा वेग वाढत गेला. वेग वाढला तशी लहानशा वजनाला किंमत आली.

हे कसे घडते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, रिमच्या एका बाजूला वीस ग्रॅम वजन जास्त आहे. दहा रुपयांच्या नाण्याचे वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे अशी तीन नाणीही भरणार नाहीत, इतकेच हे वजन. चाक फिरू लागले की ते बाहेरच्या दिशेने ओढ घेते. ताशी तीस किलोमीटर वेगाला ही ओढ जेमतेम ३६० ग्रॅम भाराएवढी असते. वेग दुप्पट, म्हणजे साठ झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ती जवळजवळ दीड किलोवर जाते. ऐंशीला ती अडीच किलोंच्या वर असते. ही ओढ एकाच दिशेने असती तर चालली असती. परंतु जड बाजू वर गेली की ती चाक उचलू पाहते, खाली आली की रस्त्यावर आपटू पाहते, आणि हे सेकंदाला नऊ ते बारा वेळा घडते. गावात तीस-चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्याला वर्षानुवर्षे न जाणवलेला दोष मुंबई–आग्रा रस्त्यावर चढताच का जाणवतो, याचे उत्तर या चौपटीत आहे.

काही चालकांना असाही अनुभव येतो की पासष्टला येणारी थरथर ऐंशीला कमी होते. त्यावरून वाहन वेगाने चालवणे हाच उपाय आहे, असा विपरीत निष्कर्ष काढणारेही भेटतात. वस्तुतः चाक हे शॉकअपच्या स्प्रिंगांवर आणि टायरमधील हवेवर तोललेले असते आणि त्याला स्वतःचा एक ठेका असतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो. तसेच चाकाच्या फेऱ्यांचा ठेका त्याच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला की कंप फुगतो. पुढे वेग वाढला की जुळणी मोडते आणि थरथर कमी भासते. ओढ मात्र वाढलेलीच असते. तिचा मार बेअरिंगला, आऱ्यांना व टायरला बसतच राहतो.

माती, पंक्चर आणि खड्डे

चाकाचा तोल जातो कशाने? याचे पहिले कारण नाशिक जिल्ह्यात पावसाळ्यात जागोजागी दिसते. निफाड, येवला, सिन्नर भागातील काळी माती ओली असताना चिकट होते. शेतातून किंवा शिवाररस्त्याने आलेल्या मोटारसायकलच्या रिमच्या आतल्या बाजूस, आऱ्यांच्या मुळाशी तिचे गोळे बसतात आणि वाळल्यावर दगडासारखे होतात. वाहन उभे असताना ओला चिखल ओघळून खालच्या बाजूला जमतो, त्यामुळे तो चाकाला सारखा न बसता एकाच अंगाला बसतो. असे वीस-पंचवीस ग्रॅम सहज होतात. द्राक्षबागेतून थेट महामार्गावर आलेल्या वाहनाचा कंप कित्येकदा मेकॅनिककडे न जाता पाण्याच्या नळाखालीच थांबतो. रिमची आतली बाजू आणि तुंब्याभोवतालचा भाग बोटाने चाचपून धुवावा, एवढीच अट.

दुसरे कारण पंक्चरच्या दुकानात जन्म घेते. टायर काढून पुन्हा बसवताना त्याची कड रिममध्ये सर्वत्र सारखी बसली पाहिजे. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक उंचवट्याची रेषा असते. ती रिमच्या काठापासून चहूकडे सारख्या अंतरावर दिसली तर टायर नीट बसला. कोठे ती रिममध्ये बुडालेली दिसली तर तेथे कड आत राहिली आहे. वर सांगितलेला टप्-टप् गचका बहुधा यातूनच येतो. हवा काढून, कडांना साबणाचे पाणी लावून पुन्हा हवा भरली की कड आपल्या जागी येते. अशा चाकाला कितीही शिसे लावले तरी गचका जाणार नाही, कारण चाक जड झालेले नसून वाकडे झालेले असते. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजावे म्हणून काही जण चिकट द्रव भरतात. उपयोग आहे, परंतु वाहन रात्रभर उभे राहिले की तो तळाशी साचतो आणि सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरांत थरथर देतो. थोड्या वेळाने ती ओसरते. हे लक्षात न आल्याने नवे बेअरिंग बसवून घेतलेले लोकही आढळतात.

तिसरे कारण खड्डे आणि गतिरोधक. यांविषयी नाशिककरांना नव्याने काही सांगावे असे नाही. आऱ्यांच्या लोखंडी रिमला खड्ड्याचा मार बसला की एक-दोन आरे सैल होतात, शेजारच्यांवर ताण येतो आणि हळूहळू चाकाला ‘आऊट’ येतो. अलॉय चाकाला आरे नसल्याने ते सैल पडण्याचा प्रश्न नाही, मात्र त्याची कड चेपते किंवा त्याला बारीक तडा जातो. तडा गेलेले अलॉय चाक वेल्डिंग करून वापरणे धोक्याचे आहे. तेथे काटकसर करू नये.

तपासणीचा क्रम

कंपाची तक्रार घेऊन आलेल्या वाहनाचा कोनसेट बदलणे, मग बेअरिंग बदलणे, मग टायर बदलणे, असा उलटा प्रवास अनेक ठिकाणी चालतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि शेवटी दोष हवेत निघतो. म्हणून सुरुवात हवेपासून करावी. शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळशा वाहनांना पुढच्या चाकात २५ पौंड आणि मागच्या चाकात २८ पौंड हवा सांगितलेली असते. मागे दुसरी व्यक्ती बसणार असेल तर मागच्या चाकात त्याहून जास्त. नेमका आकडा वाहनासोबत आलेल्या पुस्तिकेत असतो. हवा टायर थंड असताना मोजावी. पंधरा-वीस किलोमीटर चालून आल्यावर मोजलेला आकडा फसवा असतो. कमी हवेने लटपट व हेलकावा येतो, जास्त हवेने प्रत्येक खडा हातात लागतो.

त्यानंतर टायरकडे पाहावे. मधला भाग सपाट झिजला असेल तर वाहन वळणावर घेताना अडखळते. झीज चढउताराची, हाताला लाटांसारखी लागणारी असेल तर शॉकअप किंवा बेअरिंग थकले आहे, असे समजावे. टायरच्या बाजूवर जेथे टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा दिलेला असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यापर्यंत आली की टायर बदलण्याची वेळ आली. बाजूवर फुगा आला असेल तर पुढची तपासणी करण्याचे कारणच नाही. फुगा म्हणजे आतील धागे तुटले आहेत. असा टायर कसारा घाटाच्या उतारावर फुटला तर मागे येणाऱ्या कंटेनरला थांबायला अवधी नसतो. तो तेथल्या तेथे बदलावा.

टायर ठीक असेल तर वाहन मधल्या स्टँडवर घ्यावे. चाक हाताने फिरवून, फोर्कला टेकवलेल्या पेन्सिलचे टोक रिमच्या जवळ धरावे. रिम पेन्सिलच्या जवळ-दूर होत असेल तर तो बाजूचा आऊट, वर-खाली होत असेल तर उभा आऊट. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक सर्वसाधारणपणे चालतो, त्यापुढे आरे ताणून रिम सरळ करून घ्यावी लागते. सैल आरा शोधण्यासाठी पान्याने एकेका आऱ्यावर हलकेच टिचकी मारावी. मडके विकत घेताना ते वाजवून घेतात, त्यातलाच हा प्रकार. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द आवाज देतो.

मग चाक वरून-खालून दोन्ही हातांनी धरून आडवे हलवून पाहावे. खटखट जाणवली तर चाकाचे बेअरिंग गेले. पुढच्या फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढावीत. हँडलच्या मानेशी खटका लागला तर कोनसेट सैल आहे. हँडल एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश वळवताना मध्यावर खाच लागल्यासारखे अडले तर कोनसेटमध्ये खड्डे पडले आहेत. लटपटीचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते. मागचे चाक धरून चिमटा आडवा हलवला असता खेळ जाणवला तर त्याचे बुश झिजले आहेत, आणि हेलकाव्याचे मूळ तेथे असू शकते. चेनची एखादी कडी जाम असेल किंवा चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होत असेल, तर मागून येणारा हिसका चाकाच्या नावावर खपून जातो. तेव्हा चेनही फिरवून पाहावी.

ब्रेक लावतानाच कंप येत असेल तर तो वेगळा विषय आहे. ड्रम गोल राहिलेला नाही किंवा डिस्क वाकली आहे, असा त्याचा अर्थ. नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाऊन उतरताना ज्यांना हा कंप प्रथम जाणवतो, त्यांच्या बाबतीत दोष घाटाचा नसून, सबंध उतार एकाच ब्रेकवर उतरण्याच्या सवयीचा असतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध घेत उतरावे व दोन्ही ब्रेक मधूनमधून वापरावेत.

तोल साधण्याची रीत

एवढे सगळे निर्दोष आढळले आणि थरथर कायम राहिली, तरच चाकाच्या बॅलन्सिंगकडे वळावे. शहरात मोटारींच्या चाकांचे बॅलन्सिंग करणारी यंत्रे आता जागोजागी आहेत. मात्र मोटारसायकलचे चाक त्यांवर चढवण्यास वेगळा जोड लागतो आणि तो प्रत्येक दुकानात नसतो. आधी विचारून घ्यावे. यंत्राची सोय नसली तरी अडत नाही. मोटारसायकलचे चाक अरुंद असल्यामुळे त्याचा तोल गुरुत्वाकर्षणाच्या साध्या नियमाने पुष्कळ अंशी साधता येतो. गावातल्या मेकॅनिकला, आणि हाताला थोडी सवय असलेल्या मालकालाही, हे काम जमण्यासारखे आहे.

चाक काढून घ्यावे. त्याचा अॅक्सल पुन्हा त्यात घालून, सारख्या उंचीच्या दोन भक्कम आधारांवर तो आडवा ठेवावा, म्हणजे चाक मध्ये अधांतरी राहील. आधार समपातळीत हवेत. बेअरिंग मोकळे फिरत असले पाहिजे. जाम बेअरिंग चाकाला मध्येच थांबवते आणि खोटी साक्ष देते. आता चाकाला अगदी हलकी गती द्यावी आणि ते आपोआप थांबू द्यावे. थांबल्यावर तळाशी आलेल्या जागी खडूने खूण करावी. हे चार-पाच वेळा करावे. दर वेळी निराळी जागा तळाशी आली तर चाक तोललेले आहे, काही करू नये. तीच जागा पुन्हा पुन्हा खाली आली तर ती जड बाजू.

तिच्या बरोबर समोर, रिमच्या वरच्या टोकाला, पाच ग्रॅमचे वजन तात्पुरते चिकटपट्टीने लावावे. मग खडूची खूण घड्याळातील तीनच्या जागी आणून चाक सोडावे. खूण खाली गेली तर वजन कमी आहे, वर गेली तर जास्त. पाच-पाच ग्रॅमने वाढवत जावे. चाक कोणत्याही स्थितीत सोडले असता जागीच राहू लागले की काम झाले. त्यानंतर कायमचे वजन लावावे. अलॉय चाकाला चिकटवण्याच्या पट्ट्या मिळतात. रिम तेलकट राहिली तर त्या पहिल्याच पावसात गळतात, म्हणून जागा पुसून कोरडी करून घ्यावी. आऱ्यांच्या चाकाला आऱ्याच्या निपलवर बसणारी वजने असतात. ती न मिळाल्यास जाड कथिलाची तार आऱ्याच्या मुळाशी घट्ट गुंडाळून काम भागवण्याची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. नटबोल्ट बांधण्याची रीत मात्र चांगली नाही. सुटलेला नट ब्रेकमध्ये किंवा मागच्याच्या डोळ्यात जाऊ शकतो.

वजन साठ ग्रॅमच्या पुढे जाऊ लागले तर थांबावे. इतका दोष चाकात सहसा नसतो. टायर चुकीचा बसला आहे, असे समजावे. पुष्कळ टायरांवर रंगाचा एक ठिपका असतो. तो टायरची हलकी बाजू दाखवतो व व्हॉल्व्हजवळ यावा अशी अपेक्षा असते, कारण व्हॉल्व्हमुळे रिमची ती बाजू थोडी जड असते. ठिपका भलतीकडे असेल तर हवा काढून टायर रिमवर फिरवून घ्यावा. कित्येकदा एवढ्याने शिसे लावण्याची गरजच संपते. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास तो उलटा जाणार नाही, हेही त्याच वेळी पाहावे. मागच्या चाकाचा तोल पाहताना चेन व तिचे चक्र वेगळे करावे. नाहीतर त्यांची ओढ चाकाच्या नावावर लागते.

पाठीमागचे ओझे

चाके तोललेली, बेअरिंग घट्ट, हवा बरोबर. तरीही हेलकावा येतो, अशी तक्रार करणाऱ्यांत माल वाहून नेणारे अधिक असतात. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे टांगलेले ओझे तराजूच्या दांडीसारखे काम करते. ते पुढचे चाक उचलू पाहते, आणि हलके झालेले पुढचे चाक दिशा धरीत नाही. द्राक्षाचे किंवा टोमॅटोचे क्रेट मागे रचून पिंपळगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या, किंवा एका अंगाचा कॅन भरलेला व दुसऱ्या अंगाचा अर्धा रिकामा घेऊन परतणाऱ्या चालकाला हे रोज अनुभवावे लागते. अर्धा भरलेला कॅन भरलेल्यापेक्षा वाईट. त्यातले दूध हिंदकळते आणि त्याचा ठेका वाहनाच्या ठेक्यात मिसळतो. ओझे शक्य तितके पुढे, खाली आणि दोन्ही अंगांना सारखे बांधावे. ते साधत नसेल तर दोन खेपा कराव्यात. आणि ओझे असताना चाळिशीच्या पुढे जाऊ नये.

चालत्या वाहनाला लटपट किंवा हेलकावा सुटलाच, तर मनुष्याची पहिली प्रेरणा करकचून ब्रेक लावण्याची असते आणि तीच घातक ठरते. पुढच्या ब्रेकने भार पुढच्या चाकावर येतो व लटपट वाढते. थ्रॉटल हळूहळू सोडावा, गुडघ्यांनी टाकी आवळून धरावी, शरीर थोडे पुढे झुकवावे. हँडल पकडलेले असावे, पण त्याच्याशी झुंज घेऊ नये. वेग उतरला की वाहन आपले आपण सावरते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे नाशिकच्या दुचाकीस्वारांची लांबची वाट मुंबई–आग्रा आणि नाशिक–पुणे या दोन जुन्या रस्त्यांवरूनच आहे. तेथे चौपदरी भागात दुचाकींना ताशी ऐंशीची मर्यादा असली, तरी शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याचा झोतही सैल कोनसेटला लटपट सुरू करून देण्यास पुरेसा असतो.

मेकॅनिककडे जाताना ‘गाडी हलते’ एवढेच सांगून भागत नाही. ‘साठ ते सत्तरच्या दरम्यान, हँडलमध्ये, क्लच दाबला तरी कायम’ असे सांगितले तर जाणता मेकॅनिक थेट पुढच्या चाकाकडे जातो. या कामाचे रीतसर शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळते. नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर सातपूर येथे अशी शासकीय संस्था आहे. नवीन टायर बसवून घेतल्यावर मात्र लगेच घाट गाठू नये. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो पकड धरायला शे-दीडशे किलोमीटर घेतो. आरे ताणून घेतले असतील तर तेवढ्याच अंतरानंतर पुन्हा एकदा पान्याने वाजवून पाहावेत, कारण नव्याने ताणलेले आरे पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात.